तापीच्या मुखापासून महानदीच्या मुखापर्यंत : एकट्याने मोटारीने देश ओलांडताना

धुळ्याच्या माणसाला देश ओलांडायचा असेल, तर नकाशा फार वेळ न्याहाळावा लागत नाही. पंजाबातील संगरूरहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ५२ जयपूर, कोटा, इंदूर करीत सेंधव्याच्या बाजूने धुळ्यात उतरतो आणि चाळीसगाव, कन्नड, सोलापूर, विजापूर, हुबळी या वाटेने कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील अंकोल्याला जातो. सुरतेजवळच्या हजिऱ्याहून निघालेला महामार्ग ५३ साक्री, धुळे, जळगाव, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर असा ओडिशातील पारादीप बंदरापर्यंत पोहोचतो. हे दोन्ही रस्ते धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. ज्या चौफुलीवर आपण नाशिकची बस पकडण्यासाठी उभे राहतो, तिथून एका हाताला अरबी समुद्र आहे आणि दुसऱ्या हाताला बंगालचा उपसागर, ही गोष्ट रोजच्या धबडग्यात आपल्या ध्यानात येत नाही, एवढेच.

पहिल्यांदाच एकट्याने लांबचा प्रवास करणाऱ्या खानदेशी माणसाने महामार्ग ५३ निवडावा, असे माझे मत आहे. एक तर हा रस्ता तापीच्या मुखाजवळ सुरू होतो आणि महानदीच्या मुखाशी संपतो, म्हणजे पश्चिम समुद्रापासून पूर्व समुद्रापर्यंतचा देश एका रेषेत पाहायला मिळतो. दुसरे म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर साधारण सतराशे-अठराशे किलोमीटर आहे. हे धाडस वाटावे इतके मोठे आणि दोन आठवड्यांच्या रजेत मावावे इतके लहान आहे. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. या रस्त्यावर निघाल्यानंतर दुसऱ्याच रात्री आपण पुन्हा आपल्या घरी असतो. त्याचा उपयोग काय, ते पुढे येईलच.

पुढील सूचना लहान मोटारीच्या प्रवासाला धरून लिहिल्या आहेत. त्या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. दोघे-तिघे प्रवासाला निघाले की ‘आता पुरे, इथे थांबू या’ असे म्हणणारे कोणीतरी शेजारी असते. एकट्याच्या गाडीत तसे कोणी नसते, आणि थकलेला माणूस आपण थकलो आहोत हे ओळखण्यात सर्वांत कच्चा असतो. म्हणून गाडी चालवण्यापेक्षा गाडी थांबवण्याचे निर्णय आधी, घरी बसून, डोके शांत असताना घ्यावे लागतात. कुठे थांबायचे, किती वाजता थांबायचे, कोणते लक्षण दिसले की थांबायचे, हे वहीत लिहून ठेवलेले असावे आणि रस्त्यावर त्या वहीशी वाद घालू नये.

काळाविषयी फार चर्चा नको. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास खेळतो आणि विदर्भातही तीच गत असते; अशा उन्हात बंद पडलेल्या गाडीशेजारी एकट्याने उभे राहण्याची वेळ कोणावरही येऊ नये. पावसाळ्यात घाट आणि नद्या यांचा भरवसा नसतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. मात्र याच दिवसांत कापूस आणि ऊस वाहणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि मध्य भारतात पहाटेचे धुके पडते, हे गृहीत धरून निघावे.

मुख्य प्रवासापूर्वी दोन रंगीत तालमी कराव्यात. पहिली एका दिवसाची : जळगावहून अजिंठा, सिल्लोड, कन्नड करीत कन्नडचा घाट उतरून चाळीसगावमार्गे परत. घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय न ठेवता दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर गाडी आवरायची, हे या घाटात नीट कळते. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा ठोकताळा अजूनही खरा आहे. ब्रेक तापून पायाखाली मऊ लागू लागले की उशीर झालेला असतो. २०२१च्या ऑगस्टअखेरीस अतिवृष्टीने याच घाटात दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती, त्यामुळे ही तालीमही कोरड्या दिवसांतच करावी. दुसरी तालीम मुक्कामाची : शहाद्याहून तोरणमाळ गाठावे, तिथे एकट्याने एक रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी परत यावे. सातपुड्यात मोबाईलचा संपर्क तुटतो तेव्हा आपल्याला कसे वाटते, अनोळखी खोलीत झोप लागते की नाही, एकट्याने जेवायला बसताना अवघडल्यासारखे होते का, हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण रायपूरच्या पुढे गेल्यावर त्यांची उत्तरे शोधण्यापेक्षा ती तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी मिळालेली बरी.

गाडीची तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये, दोन आठवडे आधी करावी. नवा बसवलेला भाग बिघडायचा असेल तर तो पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरांतच बिघडतो आणि ते किलोमीटर आपल्या गावातच झालेले चांगले. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेकचे पॅड, पंख्याचा पट्टा, बॅटरी, वायपर आणि सर्व दिवे ही नेहमीची यादी कोणताही मेकॅनिक स्वतःहून पाहील. टायर मात्र स्वतः पाहावेत. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार अंकांवरून त्याचे वय कळते. ‘२३२२’ असे अंक असतील तर तो २०२२च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर कायद्यानेही बाद ठरतो, पण लांबच्या प्रवासाला त्याच्या दुपटीपेक्षा कमी खोली असलेला टायर मी नेणार नाही. हवा सकाळी, टायर गार असताना भरावी आणि चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच भरावी. ‘तापल्यावर वाढते म्हणून थोडी कमीच भरा’ हा सल्ला घातक आहे. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि सिमेंटच्या रस्त्यावर वेगात असताना फुटतो.

स्टेपनीबद्दल एक अनुभव सांगतो. देवरीच्या अलीकडे माझा एक टायर पंक्चर झाला, मी जॅक लावला, चाक काढले आणि डिकीतून स्टेपनी बाहेर काढली तेव्हा तिच्यात हवाच नव्हती. चार टायरांची हवा दर आठवड्याला तपासणाऱ्या मला पाचवा टायर दोन वर्षांत आठवला नव्हता. एका ट्रकच्या क्लीनरने स्वतःचा नळीचा संच आणून त्यात हवा भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून सिगारेट लायटरच्या खाचेत लावायचा छोटा हवेचा पंप, ट्यूबलेस पंक्चर काढण्याचा संच आणि जाड लाकडी फळीचा एक तुकडा मी गाडीत ठेवतोच. मऊ मातीत जॅक रुतू नये म्हणून ती फळी. चाकाचे नट एकट्याने सुटतात का, हेही घरीच करून पाहावे. गॅरेजवाल्यांनी हवेच्या बंदुकीने आवळलेले नट गाडीसोबत मिळालेल्या आखूड पान्याने हलत नाहीत. लांब दांड्याचा पाना घ्यावा. गाडीची दुसरी किल्ली बॅगेत न ठेवता खिशात किंवा गळ्यात ठेवावी, कारण बॅग गाडीतच असते.

कागदपत्रांत वाहन परवाना, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी या चार गोष्टी लागतात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधील प्रती कायद्याने ग्राह्य आहेत, तरी फोन बंद पडला तर परराज्यात खुलासे करीत बसण्यापेक्षा कागदी प्रतींची एक पिशवी सोबत असावी. विम्याची मुदत प्रवासाच्या मधोमध संपत नाही ना, ते पाहावे. पीयूसीच्या बाबतीत ही चूक हमखास होते. टोलसाठी फास्टॅग फेब्रुवारी २०२१पासून बंधनकारक आहे. १५ नोव्हेंबर २०२५पासूनच्या नियमानुसार चालू फास्टॅग नसेल तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल ठरवला गेला होता, त्यामुळे केवायसी पूर्ण असल्याची खात्री निघण्यापूर्वी करावी. खासगी मोटारींसाठी १५ ऑगस्ट २०२५ रोजी वार्षिक पास सुरू झाला. तेव्हा तो ३,००० रुपयांना होता आणि एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवर चालतो. या प्रवासात जाऊन-येऊन जितके नाके लागतात, ते पाहता पासाचा हिशेब नक्की करून पाहावा. तो राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. नागपूरहून परतताना समृद्धी महामार्गाचा मोह झाला तर तिथला टोल वेगळा, कारण तो रस्ता राज्याचा आहे.

आता दिवसाच्या आखणीकडे वळू. आपल्याकडे लांबच्या प्रवासाला ‘रात्रीच निघा, रस्ता मोकळा असतो’ असा सल्ला वडीलधारी मंडळी देतात, आणि लग्नाच्या वऱ्हाडापासून शिर्डीच्या दर्शनापर्यंत सगळे त्याच रीतीने निघतात. एकट्या माणसाने हा सल्ला नम्रपणे ऐकून घ्यावा आणि बाजूला ठेवावा. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळांत शरीर झोपेकडे ओढ घेते. चालकाच्या इच्छाशक्तीचा त्याच्याशी संबंध नसतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे आंधळेपणाने कापलेले सहासष्ट मीटर, आणि तेवढ्या अंतरात रस्त्याकडेला बिनदिव्याचा एक तरी ट्रक उभा असतो. म्हणून सकाळी उजाडल्यावर निघावे, दुपारी तासभर पूर्ण थांबावे आणि सूर्य मावळण्यापूर्वी मुक्कामाच्या दारात गाडी उभी करावी. या हिशेबाने दिवसाला तीनशे ते साडेतीनशे किलोमीटर होतात. चारपदरी रस्ता पाहून पाचशेचा मोह होतो. पण चहा, टोल, शहरांतली कोंडी आणि रस्त्याची कामे धरून सरासरी वेग ताशी पन्नासच्या वर जात नाही, हे वहीत मांडून पाहिले की मोह ओसरतो.

पूर्वेकडे जाताना या आखणीत एक गोष्ट नव्याने धरावी लागते, जी खानदेशातल्या खानदेशात फिरणाऱ्याला कधी जाणवत नाही. धुळे आणि पारादीप यांच्यात जवळजवळ बारा रेखांशांचा फरक आहे आणि घड्याळ मात्र एकच आहे. डिसेंबरात धुळ्यात सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य पारादीपला सव्वापाचच्या आसपास मावळतो. ‘सहापर्यंत उजेड असतो’ ही घरची सवय तिथे पाऊण तासाने चुकते आणि शेवटचे चाळीस किलोमीटर अंधारात पडतात. नागपूरपासूनच थांबण्याची वेळ टप्प्याटप्प्याने मागे आणावी. त्याची भरपाई म्हणून सकाळ लवकर उजाडते. त्याच सकाळचा सूर्य मात्र अगदी समोरून डोळ्यांत येतो. काच बाहेरून सगळेच पुसतात, पण तिरप्या उन्हात आंधळी करते ती आतल्या बाजूची धूळ आणि धुराचा थर. रोज निघण्यापूर्वी काच आतूनही पुसावी. उन्हाची पहिली पाऊण-एक तासाची तिरीप टाळून नाश्ता करून निघाले तरी चालते. मुक्काम लवकर झालेला असल्यामुळे तेवढी सवड असते.

रस्त्यावर ट्रकवाल्यांशी वैर करू नये आणि त्यांच्या इशाऱ्यांवर डोळे मिटून विश्वासही ठेवू नये. पुढचा ट्रक उजवा इंडिकेटर देतो तेव्हा त्याला उजवीकडे वळायचे असते, किंवा ‘समोरून गाडी येत आहे, ओलांडू नका’ असे सांगायचे असते, आणि काही चालक तोच दिवा ‘या पुढे’ म्हणूनही देतात. तीन अर्थांच्या खुणेवरून स्वतःचा जीव पणाला लावण्यापेक्षा समोरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसेपर्यंत मागे राहावे. अवजड वाहने चारपदरी रस्त्यावर उजवी मार्गिका धरून चालतात, तेव्हा डावीकडून ओलांडण्याची वेळ येते. त्या क्षणी डाव्या कडेने उलट दिशेने येणारी दुचाकी किंवा चाऱ्याची बैलगाडी असणारच, असे समजून वेग ठेवावा. उड्डाणपुलावरून उतरल्यावर गावाच्या फाट्यावर दुभाजक फोडून केलेली वाट असते. तिथून म्हशी येतात.

फोन धारकात बसवावा, मार्ग गाडी सुरू करण्यापूर्वी लावावा आणि त्या दिवसाच्या पट्ट्याचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. ओडिशातल्या देवगडच्या पुढच्या जंगलपट्ट्यात संपर्क अधूनमधून जातो. फोन दाखवतो तो ‘जवळचा’ रस्ता दहा किलोमीटर वाचवून खेड्यांच्या गल्ल्यांत नेणार असेल, तर महामार्ग सोडू नये. वाट विचारताना ‘हा रस्ता संबलपूरला जातो का?’ असे विचारू नये. आपल्याकडची माणसे पाहुण्याला ‘नाही’ म्हणायला संकोचतात आणि रस्ता कुठे ना कुठे जातच असतो. ‘संबलपूरचा रस्ता कोणता?’ असे विचारावे, आणि अर्ध्या किलोमीटरवर दुसऱ्याला पुन्हा विचारावे. भाषेची अडचण फारशी येत नाही. नवापुराच्या पलीकडे अहिराणी बोलणाऱ्याला गुजराती अर्धीअधिक आपोआप कळते, वऱ्हाडात मराठीच आहे, आणि नागपूरच्या पुढे हिंदीने काम भागते. ओडिशात खेड्यातल्या टपरीवर ओडियातले दोन शब्द ठाऊक असतील तर चहावाला खुलतो.

खाण्याच्या बाबतीत खानदेशी माणूस स्वतःचाच शत्रू असतो. दुपारी ढाब्यावर तर्रीची शेवभाजी, वर कांदा आणि ताकाचे दोन पेले, आणि लगेच स्टिअरिंगवर बसणे म्हणजे झोपेला आमंत्रण देणे होय. शेवभाजी रात्री, मुक्कामाच्या गावी खावी. दुपारसाठी घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पहिले दोन-तीन दिवस पुरतात. बिबडे आणि फुटाणे त्यानंतरही टिकतात. केळी सोबत न्यायची तर हिरवट घ्यावीत आणि जाळीच्या पिशवीत ठेवावीत, कारण उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत रावेरचे केळेही एका दुपारीत काळे पडते. पाणी रोजच्या पिण्याव्यतिरिक्त दहा लिटर वेगळे असावे. ते माणसालाही लागते आणि रेडिएटरलाही. जांभई, डोळ्यांची जळजळ, मागच्या दोन किलोमीटरांत काय पाहिले ते न आठवणे, किंवा गाडी पांढऱ्या पट्ट्यावर सरकणे, यांपैकी एकही लक्षण दिसले की पुढच्या पेट्रोलपंपावर थांबावे. गाणी मोठी करून किंवा काच उघडून झोप जात नाही. चहा प्यावा, गजर लावून वीस मिनिटे झोपावे. चहाचा अंमल चढेपर्यंत झोपही पूर्ण होते.

पेट्रोलची टाकी निम्मी झाली की भरावी. एरवी हा अतिसावधपणा वाटेल, पण एकट्याच्या प्रवासात पेट्रोलपंप हा शौचालय, हवा, उजेड आणि माणसांची सोबत या सगळ्यांचाही थांबा असतो. दर थांब्यावर निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी आणि टायर, दिवे, गाडीखालची गळती यांवर नजर टाकावी.

मुक्कामाची जागा निदान पहिल्या तीन रात्रींसाठी आधी ठरवावी आणि आरक्षण असले तरी दुपारी फोन करून ‘मी एकटा आहे, सूर्य मावळायच्या आत येतो’ असे सांगावे. हे सांगणे गरजेचे आहे. एकट्या माणसाला खोली देण्यास काही लॉज आणि भक्तनिवासे राजी नसतात. विदर्भातल्या एका लॉजवर मला पैसे भरलेले असतानाही ‘सिंगल देत नाही’ एवढ्या दोन शब्दांत बाहेर काढण्यात आले आणि मग अंधारात बारा किलोमीटर पुढे जावे लागले. नियम वहीतला मोडला, तो असा. स्त्रियांनी बसस्थानकाजवळचे लॉज टाळून शहराच्या वस्तीतले, कुटुंबे उतरणारे हॉटेल पसंत करावे आणि गाडी आवारात लागते का, हे आधी विचारावे. मूळ ओळखपत्र सगळीकडे लागते. रात्री गाडीत एकही पिशवी दिसता कामा नये.

घरच्यांचा प्रश्न तितकाच खरा असतो. ‘एकलाच जाई राहिना का भो?’ असे शेजारी हसत विचारतात, पण मायच्या डोळ्यांत तोच प्रश्न निराळ्या रीतीने असतो. तिला समजावत बसण्यापेक्षा ठरावीक वेळा द्याव्यात : सकाळी निघताना एक संदेश, मुक्कामी पोहोचल्यावर एक फोन, आणि अधेमधे काही नाही. दर तासाला फोन करण्याचे कबूल केले की एखादा फोन चुकतो आणि घर हवालदिल होते. घरातल्या एकाच जबाबदार व्यक्तीकडे दिवसाचे टप्पे, गाडीचा क्रमांक आणि मुक्कामाचा फोन लिहून ठेवावा आणि ‘रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर आधी मुक्कामाच्या जागी विचारायचे’ एवढे स्पष्ट सांगावे. फोनवर ठिकाण दिसत राहण्याची सोय त्याच व्यक्तीपुरती चालू ठेवली तर पुरे.

गाडी बंद पडली किंवा अपघात झाला तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. क्रेन आणि रुग्णवाहिका दोन्हींसाठी तो आहे. पोलीस आणि इतर तातडीसाठी ११२. आपण कुठे आहोत हे सांगता यावे म्हणून येताजाता किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचण्याची सवय लावावी. गाडी शक्य तितकी डावीकडे घेऊन चारही इंडिकेटर लावावेत, परावर्तक त्रिकोण पन्नास पावले मागे ठेवावा, आणि स्वतः गाडीत न बसता कठड्याच्या पलीकडे उभे राहावे. रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता देण्याची केंद्राची योजना मे २०२५पासून लागू आहे. रक्तगट, चालू औषधे आणि घरच्या दोघांचे फोन क्रमांक लिहिलेला कागद परवान्याच्या मागे ठेवावा. फोनला कुलूप असते, कागदाला नसते.

आता प्रत्यक्ष टप्पे. पहिल्या दिवशी धुळ्याहून निघून, दहिवेलनंतर कोंडाईबारीचा घाट उतरून, नवापूर-सोनगड-बारडोली मार्गे सुरत गाठावे आणि सुवालीचा किनारा किंवा तापीपलीकडचे डुमस पाहावे. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परत येऊन घरी मुक्काम. आता त्या तिसऱ्या कारणाविषयी : दोन दिवसांत कोणत्या वस्तूला हातही लागला नाही आणि कोणती तीनदा आठवली, हे कळलेले असते. निम्मे सामान इथेच उतरते. गाडीतून काही आवाज येत असेल तर आपला नेहमीचा मेकॅनिक हाताशी असतो. आणि मनच घेत नसेल, तर इथे थांबण्यात कमीपणाही नाही.

तिसऱ्या दिवशी गिरणा, वाघूर आणि मुक्ताईनगरजवळ पूर्णा ओलांडून अमरावती. सवड काढून चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम पाहिला तर सुरतेला पाहिलेल्या तापीचे निराळेच रूप दिसते. अकोला-अमरावती पट्ट्यातच जून २०२२मध्ये सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा गिनीज विक्रम झाला होता. रस्ता तिथे खरोखर चांगला आहे, आणि चांगल्या रस्त्यावरच झोप येते, म्हणून दुपारी इथे विशेष जपावे. चौथा मुक्काम नागपूर ओलांडून भंडाऱ्याला. नागपुरातच थांबलात तर दुसऱ्या दिवशीचा सकाळचा पहिला तास शहराबाहेर पडण्यातच जातो. पाचव्या दिवशी साकोली ते देवरी हा पट्टा नागझिरा आणि नवेगावच्या जंगलांमधून जातो; तो दिवसाउजेडीच आणि सावकाश ओलांडावा. मग राजनांदगाव, दुर्ग, भिलाई हा कारखान्यांचा आणि कोंडीचा भाग पार करून रायपूर.

सहाव्या दिवशी आरंगच्या पुढे महानदी पहिल्यांदा भेटते. वाकडी वाट करून सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर पाहावे; सातव्या शतकातल्या विटा इतक्या रेखीव उभ्या आहेत की तासभर मोडला तरी खंत वाटत नाही. सराईपाली-बरगढ करीत संबलपूर. दुसरा अख्खा दिवस तिथेच राहावे, कारण सात दिवसांत एक दिवस गाडी न चालवता गेला पाहिजे, आणि १९५७ साली उद्घाटन झालेले हिराकुडचे धरण जवळच आहे. तिथून देवगड, पल्लहडा मार्गे तालचेर, आणि शेवटच्या दिवशी चंडिखोलमार्गे पारादीप. या शेवटच्या पट्ट्यात खनिज आणि कोळसा वाहणाऱ्या ट्रकांची रांग संपत नाही. दुपारी तीनपर्यंत पोहोचण्याचे ठरवावे, म्हणजे उजेडात समुद्र दिसेल.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. सुरतेचा टप्पा धरून जाऊन-येऊन साडेतीन हजार किलोमीटर, लिटरला अठरा किलोमीटर धरले तर १९५ लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे वीस हजार रुपये. राहणे-खाणे रोजचे दोन हजार धरावे आणि यांशिवाय दहा हजार रुपये गाडीच्या दुखण्यासाठी वेगळे ठेवावे. त्यांतले निदान चार हजार शंभर-पन्नासच्या नोटांत असावेत. पंक्चरवाल्याचा यूपीआयचा फलक नेमका आपल्या वेळी बंद असतो.

परतीचा प्रवास पाच-सहा दिवसांत होतो आणि अधिक अपघाती असतो, कारण रस्ता ओळखीचा वाटू लागतो आणि घराची ओढ लागते. आता सूर्य संध्याकाळी डोळ्यांत येतो, तेव्हा चारलाच थांबावे. मलकापूर आले की ‘आता काय, घरच आले’ म्हणून शेवटचे दीड-पावणेदोनशे किलोमीटर रात्री ओढण्याची बुद्धी होते. त्या रात्रीसाठी भुसावळचा मुक्काम वहीत आधीच लिहून ठेवावा, नातेवाईक धुळ्यात जेवण गरम ठेवून बसलेले असले तरीही. घरी आल्यावर गाडी धुण्यापूर्वी फास्टॅगचे विवरण उघडून तारखांशी ताडून पाहावे. एका नाक्यावर माझ्या खात्यातून दोनदा पैसे कापले गेले होते आणि १०३३ वर तक्रार केल्यावर काही दिवसांनी परत आले. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी आणि स्टेपनीत हवा भरावी.